पत्ता बदललाय, नाव तेच!

रात्रीचे पावणेदोन. पुण्यात, बाणेरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉपसमोर बसलेलो. मला बघायचं होतं, आमच्या घराखाली नदीचं पाणी किती चढलंय. आणि स्क्रीनवर दिसत होतं, 'काळी शाई : ६० टक्के'!

कॅमेऱ्याच्या जागी प्रिंटर! हसू येण्यासारखीच गोष्ट आहे. पण त्या रात्री बाबा घरात एकटे होते, फोन उचलत नव्हते आणि बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता. हसायचं सुचलं नाही.

थांबा, जरा सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव खारेपाटण. मुंबई-गोवा हायवेवर राजापूर मागे पडलं की सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो, तो आमच्यापासून. गावाला लागून शुक नदी, आणि विजयदुर्गच्या खाडीची भरती थेट आमच्यापर्यंत येते. एकेकाळी यामुळेच इथे बंदर होतं. आता यामुळेच पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी येतं. वर घाटात पाऊस आणि खाली भरती असा योग जुळला, की नदीने जायचं तरी कुठे?

आमच्या घरातून नदीकडे जांभ्या दगडाच्या सात पायऱ्या उतरतात. आजोबांच्या काळापासूनचा नियम आहे, खालून तिसरी पायरी बुडेपर्यंत झोपायचं, चौथी बुडाली की जागं राहायचं आणि पाचवी बुडाली की सामान माळ्यावर. पुराची याहून सोपी 'अलर्ट सिस्टीम' मी तरी पाहिलेली नाही!

बाबा पोस्टातून रिटायर झालेले, पोस्टमन म्हणून. आई त्या महिन्यात ठाण्याला, ताईच्या बाळंतपणासाठी. आणि मी पुण्यात. माझं काम काय? नेटवर्क सांभाळणं. कंपनीचे शेकडो सर्व्हर कुठे आहेत, कुणाचा नंबर काय, सगळं माझ्या टीमच्या बोटांवर. आणि स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार...

गावात केबलवाल्याने फायबर आणला, तेव्हा मी एका शनिवार-रविवारात घरी 'सगळं' बसवून टाकलं होतं. राऊटर, प्रिंटर, टीव्ही, दोन स्मार्ट प्लग, पायऱ्यांवर रोखलेला एक कॅमेरा आणि तळहाताएवढा एक छोटा कॉम्प्युटर. हा छोटू महत्त्वाचा. कारण बाहेरून आमच्या घराला थेट हाक मारता येत नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून ४२९ कोटींच्या आसपास, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११लाच वाटून संपला. त्यामुळे केबलवाला एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. एका बिल्डिंगला एकच लेटरबॉक्स असावा, तसं. म्हणून हा छोटू आतूनच बाहेर एक खासगी बोगदा उघडून ठेवतो आणि त्यातून मी पुण्यात बसून घरात शिरतो. झकास चाललं होतं. कॅमेऱ्याचा नंबर मी ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवला होता, १९२.१६८.१.१०४. बस्स, काम फत्ते!

खरी चूक इथेच झाली होती.

आता हा १०४ नंबर कॅमेऱ्याला दिला कुणी? राऊटरने. घरात नवं यंत्र आलं की ते विचारतं, 'मी कुठे बसू?' राऊटर म्हणतो, 'हा घे नंबर, इतके तास तुझा.' या पद्धतीला 'डीएचसीपी' म्हणतात आणि त्या मुदतीला चक्क 'लीज'! तुमच्या-माझ्या अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'सारखंच. मुदत संपत आली की यंत्र स्वतःच रिन्यू करून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने नंबर तोच राहतो आणि आपल्याला वाटायला लागतं की घर आपल्या नावावरच आहे...

त्या रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरने तीन तास तग धरला आणि मग मान टाकली. दीडच्या सुमारास लाइट परत आली, तेव्हा राऊटर कोऱ्या पाटीने उठला. आमच्यासारखे स्वस्तातले राऊटर कुणाला काय दिलंय हे बऱ्याचदा फक्त तात्पुरत्या स्मरणात ठेवतात. कॅमेऱ्याला जागं व्हायला मिनिटभर लागतं, प्रिंटर आधी उठला. त्याने नंबर मागितला, १०४ रिकामा दिसला, राऊटरने देऊन टाकला. नियमाप्रमाणे कुणीच काही चुकीचं केलेलं नव्हतं. फक्त मी ज्या दारावर टकटक करत होतो, तिथला भाडेकरू बदलला होता!

मग एकेक दार वाजवत सुटलो. शंभरपासून एकशे नव्याण्णवपर्यंत सगळे नंबर तपासायला लावले. नऊ जणांनी 'ओ' दिली. पण हे नऊ जण कोण? एकालाही धड नाव नाही. यंत्राला कारखान्यातून मिळालेला बारा अक्षरी 'मॅक' पत्ता तेवढा दिसतो, त्यातल्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते. पण आमचे दोन्ही प्लग आणि कॅमेरा, तिघांच्याही आत एकाच कंपनीची चिप! एकाला हाक मारली, तो निघाला माजघरातला प्लग. दुसरा टीव्ही. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. मध्येमध्ये बाबांना फोन. रिंग जातेय, जातेय... उचलत नाहीत.

बावीस मिनिटं. एरवी बावीस मिनिटं म्हणजे काय हो? बाणेरहून विद्यापीठ चौकापर्यंतही पोचत नाही आपण. त्या रात्री ती सरता सरत नव्हती.

१०९वर कॅमेरा सापडला. चित्र उघडलं. पावसाच्या रेघा, पिवळट उजेड आणि पाणी. खालून चौथी पायरी दिसत नव्हती, पाचवी ओली चमकत होती. आणि वर पडवीत, खुर्चीवर बाबा. रेनकोट घालून, मांडीवर वही, हातात बॅटरी. मध्येच बॅटरी पायऱ्यांवर मारायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे.

माणूस पावसाची ड्यूटी करत होता!

पहाटे पाणी उतरल्यावर त्यांचा फोन आला. "काय रे, चौदा मिस्ड कॉल? फोन माळ्यार होतो, कागदपत्रांवांगडा." पाचवी बुडायच्या आधीच त्यांनी सामान वर नेलं होतं. किमती वस्तूंमध्ये फोनही वर गेला होता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. मी रात्रीचा सगळा घोळ सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "नंबरान कित्याक शोधत होतंस? नाव नाय काय तेका?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात आमच्या प्रत्येक सर्व्हरला नाव आहे. घरच्या कॅमेऱ्याला मात्र नव्हतं...

चतुर्थीला गावी गेलो. यंदा पहिलं काम हेच करायचं ठरवलं होतं. बाबांना समजावून सांगायला बसलो आणि दहाव्या मिनिटाला लक्षात आलं, की समजावण्याचं काम तेच करतायत!

"हय घरांक नंबर आसत," बाबा म्हणाले. "ग्रामपंचायतीन दिलेले. पण कोणाक म्हायत आसत? टपालार लिवलेला असता नाव नि वाडी. बाकी पोस्टमनान बघूचा."

खरंच की! कोकणात कुणाच्याही घराचा नंबर विचारून बघा. 'आंब्याखालचं घर', 'वरचं घर', 'मास्तरांचं घर'. मास्तर जाऊन तीस वर्षं झालेली असतात, घर मात्र अजून मास्तरांचंच. माणसं नावावर चालतात. यंत्रणा चालते नंबरावर. आणि दोघांच्या मध्ये कुणीतरी एक असावा लागतो, ज्याला दोन्ही ठाऊक असतात.

नंबरांशी बाबांचं वैर नव्हतं बरं का. उलट पिनकोडचा विषय निघाला की त्यांची कळी खुलते. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला, तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. डाक-तार खात्यातले मोठे अधिकारी, मराठी माणूस आणि शिवाय संस्कृत कवी! एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या अक्षरांत, त्यावर हा सहा आकडी उतारा. पहिला आकडा देशाचा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. आमचा ४१६७०३. गंमत म्हणजे ४१६ कोल्हापूरचाही आणि सांगलीचाही. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला, पिनकोड त्याच्या नऊ वर्षं आधीचा. जिल्हे बदलले, नंबर जागचा हलला नाही.

"मगे तुझो नंबर कित्याक हलता?" बाबांनी विचारलं.

घ्या!

मी सांगितलं, की हलू नये याची सोय आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये यंत्राचा मॅक पत्ता आणि हवा तो नंबर यांची गाठ मारून ठेवायची. मग लाइट जावो, राऊटर विसरो, त्या यंत्राला तोच नंबर मिळणार. याला 'रिझर्व्हेशन' म्हणतात. बाबांना शब्द लगेच पटला. चतुर्थीच्या गाडीचं रिझर्व्हेशन कोकणी माणसाला समजवावं लागत नाही!

मग त्यांनी शाळेची दोनशे पानी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. नाव, नंबर, कारखान्याचा पत्ता, वस्तू कुठे ठेवलीय. नंबरांची वाटणीही त्यांचीच, पिनकोडच्या हिशेबाने. ११ ते १९ राखणीच्या वस्तू, म्हणजे कॅमेरा वगैरे. २१ ते २९ कॉम्प्युटर आणि प्रिंटर. ३१पासून टीव्ही, प्लग अशी किरकोळ मंडळी. आणि १०० ते १९९ पाहुणे. "पावण्यांका ओटीवर जागा, माजघरात नको." त्या दिवशी घरात मुंबईहून आलेले एकोणीस चाकरमानी होते आणि त्यांचे बाविसेक फोन. ते सगळे ओटीवर! त्यांची लीज मी चार तासांची करून टाकली. गेले की जागा रिकामी.

फोनची एक गोम मात्र सांगायला हवी. अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, आणि आयफोनवर २०२०च्या आयओएस १४पासून, फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत, बनावट सांगतात. प्रायव्हसीसाठी चांगलंच आहे ते. पण घरच्या फोनला नंबर राखून ठेवायचा असेल, तर घरच्या वायफायपुरतं ते सेटिंग बंद करावं लागतं. आम्ही फक्त बाबांच्या फोनचं केलं.

आणि हो, हे सगळे नंबर १९२.१६८ने सुरू होतात. तुमच्याही घरी बहुतेक तेच असतील. हे पत्ते मुद्दाम खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. 'मग लाखो घरांत एकच नंबर, घोटाळा नाही होत?' हे मी बाबांना कोड्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "वरचीवाडी खयच्या गावात नाय? गावातल्या गावात कोण चुकता?" माझं प्रेझेंटेशन तिथेच संपलं.

आता आली नावं. मी उत्साहात म्हटलं, पुण्याच्या फ्लॅटवर माझ्या लॅपटॉपचं नाव 'बॅटमॅन' आहे, इथेही तशी एखादी थीम घेऊ. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. कॅमेऱ्याच्या ओळीत त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं, 'पायऱ्या'. प्रिंटर 'कपाट', टीव्ही 'माजघर', छोटू कॉम्प्युटर 'माळा'.

मी तज्ज्ञाच्या थाटात हरकत घेतली. वस्तूला जागेचं नाव दिलं आणि उद्या वस्तू हलली तर? ही हरकत काही माझ्या एकट्याची नाही. कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावर १९९०च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवाल्यांनी चक्क एक टिपण काढलं होतं, आरएफसी ११७८. त्यात सांगितलंय, की ज्या कामासाठी यंत्र आणलं त्या कामाचं नाव देऊ नका, स्वतःचं नाव देऊ नका, उगाच चमत्कारिक स्पेलिंग करू नका. फुलांची, रंगांची अशी थीम घ्या.

बाबा म्हणाले, "कॅमेरो गेलो तर दुसरो येतलो. पायऱ्यो थयच आसत मां?"

विचार करून बघा. मला रात्री पावणेदोनला कॅमेरा थोडाच बघायचा असतो? मला पायऱ्या बघायच्या असतात. नाव वस्तूला नाही, तर आपल्याला जे हवंय त्याला द्यायचं. पुढे कळलं, की मोठ्या कंपन्यांतही हेच करतात. यंत्राचं नाव वेगळं आणि त्याच्याकडून मिळणाऱ्या सेवेचं वेगळं. ही गोष्ट मी बीटवर चालणाऱ्या माणसाकडून शिकलो.

नाव देवनागरीत ठेवायचा हट्ट मात्र मला सोडावा लागला. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४मध्ये आलं आणि मराठीतून वेबसाइटचा पत्ता घेता येतो, पण आतल्या आत त्याचं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतंच. घरच्या स्वस्त राऊटरवर ते कुठे अडेल सांगता येत नाही. म्हणून वहीत 'पायऱ्या' देवनागरीत, मशीनमध्ये रोमन. शेपटाला 'होम डॉट आर्पा' जोडलं, घरगुती नेटवर्कसाठी ते २०१८पासून अधिकृतपणे राखून ठेवलंय. बाबांनी विचारलं, "आर्पा? ह्यो खयचो गाव?" अमेरिकेत आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

ही नावं विचारायची कुणाला? 'माळ्या'ला. त्या छोटूवर नाव आणि नंबर यांची यादी ठेवली आणि राऊटरला सांगितलं, की घरात कुणी नाव विचारलं तर याच्याकडे पाठव. जगभर हेच काम डीएनएस करतं. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ते आखलं, त्याआधी अख्ख्या नेटवर्कची एकच यादी असायची. कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत नोंद करणार. म्हणजे इंटरनेटलाही एकेकाळी अशी वहीच होती!

"नि माळो आजारी पडलो तर?" बाबांचा पुढचा प्रश्न. "बदली पोस्टमन कोण?"

आम्ही दोघांनीही वहीकडे बघितलं. नावं विसरली गेली तरी नंबर आता ठरलेले, आणि ते कागदावर. वहीचा फोटो माझ्या फोनमध्ये. वही ठेवायची माळ्यावर, पिशवीत.

पुढच्या जुलैत पुन्हा एका रात्री लाइट गेली. मी पुण्यात जागाच होतो. लाइट आल्यावर दोन मिनिटं थांबलो आणि नाव टाइप केलं. पायऱ्या दिसल्या. दुसरी ओली, तिसरी कोरडी. नियमाप्रमाणे झोपायला परवानगी! झोपलो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण या चतुर्थीला घरी गेलो, तेव्हा पायऱ्यांवरचा कॅमेरा मला जरा वेगळाच वाटला. पांढरा होता, आता काळा. आई म्हणाली, "अरे, मे महिन्यात वीज पडली ना, तेव्हाच गेला तो. यांनी कणकवलीहून दुसरा आणला." मे महिन्यात? म्हणजे अख्खा पावसाळा मी दुसऱ्याच कॅमेऱ्यातून बघत होतो आणि मला पत्ताच नाही!

माळ्यावर जाऊन वही काढली. 'पायऱ्या'च्या ओळीत कारखान्याचा जुना बारा अक्षरी पत्ता लाल शाईने खोडलेला, शेजारी नवा, खाली तारीख. राऊटरच्या पानातही तसाच बदललेला. बहात्तराव्या वर्षी, कुणाला एक फोन न करता. नंबर तोच, ११. नाव तेच.

वही मिटता मिटता मागची पानं दिसली. पाठीमागून सुरू केलेली, जुन्या डायरीतून उतरवून घेतलेली. पहिल्याच ओळीत माझं नाव. पुढे पत्ता, कर्वेनगर, खोडलेला. मग वारजे, खोडलेला. कोथरूड, औंध, पाषाण, पुन्हा कोथरूड... सगळ्यांवर लाल रेघ आणि प्रत्येकाखाली तारीख. अकरा वर्षांत सात पत्ते. शेवटचा बाणेरचा, तेवढा बिनखोडलेला.

घरमालकाने मार्चमध्ये फ्लॅट सोडायला सांगितलंय. खाली आलो आणि बाबांना ते सांगून टाकलं. त्यांनी काही विचारलं नाही. खिशातून लाल पेन काढलं आणि म्हणाले, "नवो मिळलो काय सांग."